गोड्या पाण्यातून खाऱ्यात

गोड्या पाण्याचं मत्स्यालय काही वर्षं नीट सांभाळलेला माणूस खाऱ्या पाण्याकडे वळतो, तेव्हा दुकानात त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आहे त्याच टाकीत मीठ घातलं तर चालेल का? प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. काच तीच राहते, स्टँड तोच राहतो, हवेचा पंपही बहुधा चालून जातो. बदलतं ते पाणी, आणि पाण्याबरोबर त्यातलं डोळ्यांना न दिसणारं सगळं. हे पुस्तक अशा वाचकासाठी आहे, ज्याला नायट्रेट म्हणजे काय ते ठाऊक आहे, ज्याने दर रविवारी बादल्या भरून पाणी बदललेलं आहे, आणि तरीही समुद्राचा मासा म्हटलं की ज्याला जरा बिचकायला होतं. त्याचं मनापासून स्वागत. त्याच्या अंगी बाणलेली शिस्त या कामाला पुरेशी आहे. काही सवयी मात्र सोडाव्या लागतील.

त्यातली पहिली सवय म्हणजे माशाकडे बघून टाकीची प्रकृती ठरवायची. गोड्या पाण्यात हे बरंचसं निभतं. नदी पावसाळ्यात फुगते, गढुळते, उन्हाळ्यात डबक्या-डबक्यांत आटते. तिथल्या माशांच्या पिढ्यान्‌पिढ्या असले फेरफार झेलत आल्या आहेत. किनाऱ्यापासून दूर, प्रवाळखडकांवर राहणाऱ्या माशाची गोष्ट वेगळी. त्याच्या पाण्याचा खारटपणा आणि त्यातल्या क्षारांचं आपसातलं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या जवळपास तेच आहे. पाणी असं स्थिर ठेवण्याचं काम समुद्र आपल्या अफाट आकारामुळे विनासायास करतो. दोनशे लिटरच्या पेटीत ते आपल्याला करावं लागतं. या विषयातली बहुतेक उपकरणं, बहुतेक नियम आणि बहुतेक अपयशं इथूनच उगवतात, असं माझं मत आहे, आणि पुढची सगळी मांडणी त्याच धोरणाने केली आहे.

या विद्येचा इतिहास वाचताना एक गमतीची गोष्ट लक्षात येते. आज आपण गोड्या पाण्याला पहिली पायरी मानतो आणि खाऱ्याला पुढची. एकोणिसाव्या शतकात मात्र खाऱ्या पाण्याचे प्रयोग मागे नव्हते. जान विलप्रू-पॉवर ही फ्रेंच बाई 1832 च्या सुमारास सिसिलीत मेसिना इथे काचेच्या पेट्यांतून आर्गोनॉट हा समुद्रप्राणी पाळून त्याच्या शिंपल्याचं कोडं सोडवत होती. ॲना थिन यांनी 1846 मध्ये इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून प्रवाळासारखे जीव लंडनला आणले. पाण्यात हवा खेळावी म्हणून ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायची खटपट त्यांच्या घरात रोज चाले. पुढे त्यांनी त्यात समुद्रशेवाळं ठेवली. त्या काळी हवेचा पंप म्हणजे मोलकरणीचे हात होते, ही नोंद मला तरी महत्त्वाची वाटते. शोधांच्या यादीत त्या हातांचं नाव नाही.

आपल्या दृष्टीने खरा पूर्वज रॉबर्ट वॉरिंग्टन. हा लंडनचा रसायनतज्ज्ञ. 1849 मध्ये त्याने गोड्या पाण्याच्या टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागलं तेव्हा त्याने त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. कुजणारी पानं त्यांनी खाऊन टाकली आणि टाकी सावरली. पुढच्याच वर्षी त्याने हे लिहून प्रसिद्ध केलं, आणि 1852 च्या सुमारास तो समुद्राच्या पाण्याकडे वळला. आपण जे करायला निघालो आहोत ते नोंदी ठेवून करणाऱ्यांत तो अगदी आघाडीचा. 1853 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. त्यामागे असलेल्या फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने 1854 मध्ये ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक लिहून घरोघरी हे वेड पोचवलं.

गॉसपुढे एक साधी अडचण होती: लंडनला समुद्र नाही. पाणी आगबोटीतून, रेल्वेतून आणावं लागे. मग त्याने समुद्रजलाचं रासायनिक पृथक्करण समोर ठेवून साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड अशा चारच क्षारांचं कृत्रिम समुद्राचं पाणी बनवलं. अल्प प्रमाणातले घटक त्याने सोडून दिले. आज बाजारात बादलीत मिळणारं सागरी मीठ त्याच कल्पनेचं वारस आहे. सुटलेले घटक त्यात आता भरून काढलेले असतात.

ही कल्पना मुळात शक्य का झाली, ते पुढे उलगडलं. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांतले 77 नमुने विल्यम डिटमार या रसायनतज्ज्ञाने तपासले आणि 1884 मध्ये निष्कर्ष मांडला: पाणी कुठे कमी खारट, कुठे जास्त, पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळपास सगळीकडे तेच. एक किलो समुद्रजलात सरासरी 35 ग्रॅम क्षार. त्यात क्लोराइड 19 ग्रॅमच्या वर, सोडियम पावणेअकराच्या आसपास, मग सल्फेट, मॅग्नेशियम, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी साधारण 0.4 ग्रॅम. प्रमाण जर एकच असेल तर एक घटक मोजून बाकीच्यांचा अंदाज करता येतो. आपला रिफ्रॅक्टोमीटर याच भरवशावर चालतो. तो मोजतो पाण्यातून प्रकाश किती वाकतो एवढंच. आपण त्यावरून सगळं समुद्रजल गृहीत धरतो. टाकीत कॅल्शियम संपत आलं असलं तरी रिफ्रॅक्टोमीटर 35 च दाखवील, हे म्हणूनच ध्यानात ठेवायचं.

इथे आपल्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न येतो. पेण, उरण, भाईंदर, वसई या पट्ट्यात मिठागरं आहेत. तिथलं जाडं मीठ समुद्राचंच ना? मग बादलीमागे हजारो रुपये कशाला? उत्तर मिठागरातच दिसतं. खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात आटवत नेतात तेव्हा त्यातले क्षार एकदम बाहेर पडत नाहीत. आधी चुना आणि जिप्सम तळाशी बसतात. पाणी मुळाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आलं की साध्या मिठाचे खडे धरू लागतात. ते ओढून घेतल्यावर उरतं ते कडवट पाणी, आणि मॅग्नेशियमचा मोठा वाटा त्यातच निघून जातो. म्हणजे जाड्या मिठात कॅल्शियम आधीच्या वाफ्यात राहिलेलं, मॅग्नेशियम शेवटच्या पाण्यात गेलेलं. मिठागराचा सगळा खटाटोप हाच की डिटमारने सांगितलेलं प्रमाण मोडावं आणि एकच क्षार हाती यावा. जेवणाला ते उत्तम, टाकीला नाही.

दुसरा प्रश्न, समुद्राचं पाणीच भरून आणलं तर? किनाऱ्याचं पाणी म्हणजे भर समुद्राचं पाणी नव्हे. पावसाळ्यात खाड्यांच्या तोंडाशी खारटपणा धाडकन उतरतो, गाळ येतो, शहराजवळ सांडपाणी येतं. ज्याला होडीने लांब जाऊन स्वच्छ पाणी आणता येतं त्याने जरूर आणावं. बाकीच्यांनी आरओचं पाणी आणि तयार सागरी मीठ यांवर विसंबावं. शंभर लिटरला साडेतीन किलोच्या वर मीठ लागतं, ते वेगळ्या पिंपात, पाणी हलतं ठेवून, आदल्या दिवशी विरघळवायचं.

आता माशाच्या शरीराकडे वळू, कारण ‘माझेच मासे हळूहळू खाऱ्यात सवयीचे करता येतील का’ ही आशा अनेकांच्या मनात असते. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे पाणी त्याच्या कल्ल्यांतून सतत आत झिरपतं आणि मूत्रपिंडं ते भरपूर, पातळ लघवीतून बाहेर काढत राहतात. तो पाणी जवळजवळ पीतच नाही. समुद्रातल्या अस्थिमत्स्याचं रक्त समुद्राच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश खारट असतं, म्हणून त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. होमर स्मिथ या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1930 मध्ये पाण्यात फिनॉल रेड हा रंग मिसळून पाहिलं. रंग समुद्री माशांच्या आतड्यांत साठलेला सापडला. म्हणजे हे मासे समुद्र पितात. मग पोटात गेलेलं मीठ जातं कुठे? अँसेल कीजने ईल माशाच्या कल्ल्यांवर प्रयोग केले आणि 1932 मध्ये विल्मर या सहकाऱ्याबरोबर कल्ल्यांतल्या मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशींचं वर्णन दिलं. (हाच कीज पुढे आहारातली चरबी आणि हृदयविकार यांच्या अभ्यासामुळे जगभर गाजला. माशाच्या कल्ल्यापासून माणसाच्या हृदयापर्यंतचा हा प्रवास कुणीतरी मराठीत सविस्तर लिहायला हवा.) हौशी माणसासाठी यातला अर्थ अगदी व्यवहाराचा आहे: पाण्यात आपण जे औषध, जो क्षार, जी अशुद्धी घालतो ती समुद्री माशाच्या पोटात जाते.

दोन्हीकडची यंत्रणा उलट दिशेने चालते, आणि बहुतेक जातींना यांतली एकच येते. टेट्रा आणि एंजल यांचं मूळ दक्षिण अमेरिकेच्या मऊ पाण्यात आहे. त्यांना खाऱ्यात घालणं म्हणजे त्यांना मारणंच. गोल्डफिशचंही तेच. पण काही माशांना दोन्ही विद्या येतात, आणि त्यांतला सर्वांत दिमाखदार मासा रायगडकरांना चांगला परिचयाचा आहे. जिताडा. पेण-अलिबागकडच्या खारपट्ट्यात खाडीत सापडलेली जिताड्याची पिल्लं घराजवळच्या गोड्या तळ्यात सोडून वाढवण्याची जुनी रीत आहे. मासा तिथे पोसतो, किलो-किलोंनी वाढतो, पाहुणा आला की जाळं पडतं. पण तळ्यात त्याची वीण होत नाही. अंडी घालायला त्याला खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्याकडेच जावं लागतं. शिवाय हा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे तळ्यातून काढलेला लहान जिताडा बहुधा नरच निघतो. जगणं आणि नांदणं यांतला फरक मला या माशाइतका स्पष्ट दुसरीकडे दिसलेला नाही. टाकीतल्या माशाबद्दल ‘तो खातोय, फिरतोय, म्हणजे बरा आहे’ असं म्हणताना जिताडा आठवावा.

घरगुती टाकीत ही दुहेरी विद्या असलेला मासा म्हणजे मॉली. काळी, पांढरी, केशरी, कुठल्याही दुकानात मिळते. खारटपणा टप्प्याटप्प्याने चढवला तर ती पूर्ण समुद्रजलातही राहू शकते. तिच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण ठेवलं आहे. बाकीच्या माशांसाठी मात्र टाकी बदलण्याआधी दुसरं घर शोधायचं, आणि ते मिळाल्याशिवाय मिठाची बादली उघडायची नाही.

माशांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून जास्त, प्रश्न जिवाणूंचा आहे. गॉस आणि वॉरिंग्टन यांना वाटे की वनस्पती प्राणवायू देतात, प्राणी तो घेतात, आणि तोल साधतो. चित्र चुकीचं नव्हतं, पण त्यात मुख्य पात्रंच गायब होती. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू विनोग्रादस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास वेगळे करून दाखवले. त्यानंतर शंभरेक वर्षं पुस्तकं नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही दोनच नावं घोकत राहिली. 1990 च्या दशकात टाक्यांतले नमुने जनुकांवरून तपासले तेव्हा गोड्या पाण्यातल्या टाक्यांत दुसऱ्या टप्प्याचं काम नायट्रोस्पायरा करते असं दिसलं. आणि 2005 मध्ये तर सिॲटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या उष्णकटिबंधीय समुद्री टाकीच्या खडीतून अमोनियावर जगणारा एक आर्किया, म्हणजे जिवाणूंहून निराळ्या गटातला सूक्ष्मजीव, वेगळा काढण्यात आला. नाव नायट्रोसोप्युमिलस मारिटिमस. अमोनियाचं असं ऑक्सिडीकरण करणारा आर्किया प्रयोगशाळेत वाढवता आल्याचं हे पहिलंच उदाहरण, आणि महासागरांच्या नायट्रोजनचक्रात या गटाचा वाटा फार मोठा निघाला. महासागराचं एक गुपित मत्स्यालयाच्या खडीत सापडलं! टाकी म्हणजे समुद्राची नक्कल असं म्हणणाऱ्यांना ही घटना जरूर सांगावी.

यातून आपल्या कामापुरतं काय घ्यायचं? गोड्या पाण्यात स्थिरावलेली वस्ती खाऱ्यात तशीच काम करत नाही. जुन्या फिल्टरचा स्पंज ठेवला तर त्यातले बरेच जिवाणू मरतात आणि कुजून स्वतःच अमोनिया सोडतात. खाऱ्याची वस्ती नव्याने लावावी लागते, विरजणासारखी, आणि तिला साधारण चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. या काळात माशांना घाई नसते, आपल्यालाच असते. घाई महागात का पडते, त्याचं कारण पीएचमध्ये आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, आणि त्यातलं एकच रूप जहाल विषारी आहे. पीएच 7 असताना 25 अंशांना ते रूप जेमतेम अर्धा टक्का असतं, समुद्राच्या 8.2 पीएचला सात-आठ टक्क्यांवर जातं. म्हणजे गोड्या टाकीत जी चूक खपून गेली असती ती इथे दहापटीहून जास्त जड पडते. त्यात भर म्हणजे त्याच तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो आणि समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास.

जुन्या सामानाचं थोडक्यात सांगतो. टाकीत पूर्वी तांब्याचं औषध वापरलं असेल तर जुनी खडी टाकून द्या. शंख-कोळंबी वर्गातल्या जिवांना तांबं अगदी थोडंही चालत नाही. लाकडी ओंडके नकोत, ते पाणी आम्ल करतात. खडीऐवजी ॲरागोनाइटची वाळू. लोखंडी झाकण गंजणारच. काठांवर मिठाचा थर चढतो, तेव्हा विजेच्या तारा खाली झोल देऊन मग सॉकेटकडे न्याव्यात. नवं घ्यावं लागतं ते स्किमर. बारीक बुडबुड्यांच्या फेसात सेंद्रिय मळ पकडून तो बाहेर काढणारं हे यंत्र गोड्या पाण्यात जवळपास निरुपयोगी ठरतं, कारण तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. क्षार त्यांना असं मिसळू देत नाहीत.

आपल्या हवामानाबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण परदेशी पुस्तकं हीटरवर पानंच्या पानं खर्च करतात आणि आपल्याला भेडसावतो तो उन्हाळा. टाकीचं पाणी 24 ते 27 अंशांत ठेवायचं तर मे महिन्यात पंखा किंवा चिलर लागतो. पाण्यावर झोत सोडणारा साधा पंखा पुण्यात, नागपुरात कोरड्या हवेत चांगलं काम देतो. मुंबईच्या दमट हवेत त्याचा उपयोग थोडाच होतो. आणि पंखा चालतो तो पाणी आटवूनच. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. दहावा हिस्सा पाणी उडालं तर 35 चा खारटपणा 39 च्या जवळ जातो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या, आरओच्या पाण्यानेच करायची. गोड्या पाण्याच्या माणसाचा हात इथे हमखास खाऱ्या पिंपाकडे जातो. वीज जाण्याचंही असंच. पंप थांबला की प्राणवायू झपाट्याने उतरतो. बॅटरीवरचा हवेचा पंप चिलरच्या आधी विकत घ्यावा.

एका बाबतीत मी वाचकाशी जरा कडक बोलणार आहे. 1961 मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी खडकावरच्या जिवंत वस्तीसकट दगड आणि नुसत्या हवेच्या बुडबुड्यांवर चालणारी आपली ‘नैसर्गिक पद्धत’ जगापुढे मांडली. पुढे युरोप-अमेरिकेत तिचा मोठा विस्तार झाला आणि प्रवाळांच्या टाक्या घरोघरी आल्या. त्यांचे फोटो बघून आपल्याकडेही मोह होतो. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत 2001 पासून दगडी प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्री काकड्या आणि अनेक शंख-शिंपले आहेत. आपल्या समुद्रातून प्रवाळ किंवा प्रवाळाचा ‘जिवंत दगड’ काढणं, विकणं, बाळगणं हा गुन्हा आहे, दुकानदार काहीही सांगो. परदेशातून आणलेल्या संरक्षित जातींचीही 2022 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी लागते. मालवणच्या सागरी अभयारण्यात (1987) आणि विजयदुर्गापासून दूर समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेवर प्रवाळ आहेत. ते पाहायला जावं. टाकीसाठी कोरडा कृत्रिम खडक घ्यावा, त्यावर वस्ती लागू द्यावी, आणि पैदास केलेले मासे आणावेत. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे. हौदात जन्मलेला मासा तयार खाद्य खातो, दगावतो कमी, आणि त्याच्यासाठी खडकावर कुणी जाळं टाकलेलं नसतं. केवळ माशांची टाकी म्हणजे प्रवाळांच्या टाकीची गरीब बहीण, हा समज मला मान्य नाही. 1951 साली मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात मराठी माणसाच्या पिढ्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या, त्या मासे बघायलाच.

पुस्तकाची प्रकरणं क्रमाने वाचावीत असा आग्रह नाही, फक्त पहिली तीन सोडू नयेत. पहिलं पाण्याचं, दुसरं मिठाचं, तिसरं वस्ती लावण्याचं. या तिन्हींत मासा नाही. रसायनशास्त्राची भीती असलेल्यांनी आकड्यांचे तक्ते पहिल्या वाचनात ओलांडून जावेत, टाकीत पाणी भरल्यावर ते आपोआप वाचावेसे वाटतात. मॉलीचं प्रकरण चौथं. पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करून ठेवा: घरच्या नळाच्या पाण्याचा आणि आरओच्या पाण्याचा टीडीएस मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. बोअरवेलचं पाणी वापरत असाल तर तेही. पहिल्या पानावरचं गणित त्याच आकड्यांपासून सुरू होतं.